गिरणगाव ऐकताना : गुणात्मक संशोधन आणि जनरेटिव्ह एआय

मुंबईच्या कापड गिरण्या आणि त्यांच्याभोवती वाढलेले गिरणगाव यांचा जितका अभ्यास झाला, तितका भारतातल्या फार थोड्या कामगारवस्त्यांचा झाला असेल. बर्नेट-हर्स्ट यांनी १९२५ मध्ये मुंबईतल्या मजुरांच्या राहणीवर आणि त्यांच्या खोल्यांवर पुस्तक लिहिले. मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी १९६५ मध्ये गिरणी कामगारवर्ग कसा घडला याची मांडणी केली. व्हान वेर्श यांनी १९८२च्या संपाचा सविस्तर अभ्यास केला. राजनारायण चंदावरकर यांनी गिरणीच्या फाटकाबाहेर येऊन नाका, खानावळ, व्यायामशाळा आणि वाण्याचे दुकान इथे कामगारांचे राजकारण कसे आकाराला आले ते दाखवले. पुढे २००४ मध्ये नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचा मौखिक इतिहास प्रसिद्ध झाला. लालबाग-परळच्या माणसांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेले गिरणगाव त्यात आहे. ज्याला या विषयात पीएचडी करायची आहे त्याने सुरुवात या पुस्तकापासून करावी, असे मी नेहमी सांगतो.

या परंपरेत नव्याने येणाऱ्या संशोधकाचे मनापासून स्वागत. काम भरपूर शिल्लक आहे. वायंडिंग खात्यातल्या बायकांचे अनुभव, खानावळींचे अर्थकारण, कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गाळेकऱ्यांची व्यवस्था, गिरण्या बंद पडल्यावर दुसऱ्या पिढीने धरलेल्या वाटा, बीडीडी चाळींचा पुनर्विकास : यांतल्या प्रत्येक विषयावर एकेक प्रबंध होऊ शकतो. मात्र आजच्या संशोधकाच्या हाती एक साधन आहे, जे वर उल्लेखलेल्यांपैकी कोणाकडेही नव्हते. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. तेव्हापासून मुलाखतीचे शब्दांकन, भाषांतर, सारांश, कोडिंग (म्हणजे उताऱ्यांना अर्थाप्रमाणे नावे लावणे), इतकेच काय, विश्लेषणाचे आख्खे प्रकरणसुद्धा यंत्राकडून काही मिनिटांत मिळू लागले आहे. या साधनाचे काय करायचे, हा प्रश्न आता कोणत्याही गाइडला किंवा विद्यार्थ्याला टाळता येणार नाही. म्हणून या प्रस्तावनेत मी त्याच प्रश्नाजवळ थांबणार आहे.

माझे मत आधीच सांगून ठेवतो. या यंत्राची मदत घ्यायला माझी हरकत नाही. काही कामांत तर ती जरूर घ्यावी. पण माणसाचे बोलणे ऐकून त्याचा अर्थ लावणे हे काम त्याच्यावर सोपवले, तर प्रबंध पुरा होईल आणि संशोधन झालेलेच नसेल.

हे मत कुठून येते ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये सुरू झाला. पॅट्रिक गेडिस त्याचे पहिले प्रमुख. १९२४ पासून गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो सांभाळला आणि इरावती कर्वे, अक्षयकुमार देसाई, एम. एन. श्रीनिवास असे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली तयार झाले. यांपैकी श्रीनिवास यांची हकीकत प्रत्येक गुणात्मक संशोधकाने लक्षात ठेवावी अशी आहे. म्हैसूरजवळच्या एका गावात, ज्याला त्यांनी रामपुरा असे नाव दिले, १९४८ मध्ये त्यांनी क्षेत्रकार्य केले. त्या टिपणांवर पुढे अनेक वर्षे खपून त्यांनी ती लावून, वाढवून, नीट तयार केली. १९७० मध्ये ते अमेरिकेत स्टॅनफर्ड इथल्या एका अभ्यासकेंद्रात पुस्तक लिहायला बसले असताना २४ एप्रिलला त्या इमारतीला आग लावण्यात आली आणि तयार टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. तेव्हा सोल टॅक्स या मानववंशशास्त्रज्ञाने त्यांना सुचवले की आठवणीतून लिहा. त्यातून आलेले 'द रिमेम्बर्ड व्हिलेज' हे पुस्तक १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि भारतीय समाजशास्त्रातल्या सर्वांत वाचनीय ग्रंथांपैकी एक ठरले.

कागद जळूनही पुस्तक झाले, कारण टिपणे पुन्हा पुन्हा वाचताना, त्यांची जुळणी करताना, एखाद्या भांडणाचा धागा दुसऱ्या लग्नाशी जोडताना ते गाव श्रीनिवासांच्या आत उतरले होते. विश्लेषण म्हणून आपण ज्याला ओळखतो ते त्या वर्षानुवर्षांच्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामातच घडले होते. समजा हेच काम कोणी परस्पर करून त्यांच्या हाती तक्ते दिले असते, तर आगीनंतर लिहायला काय उरले असते? यंत्राकडून कोडिंग करून घेण्याचा मोह होतो तेव्हा विद्यार्थ्याने हा प्रश्न स्वतःला जरूर विचारावा.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. पहिला टप्पा मुलाखतीचे शब्दांकन. एका तासाचे ध्वनिमुद्रण उतरवायला चार ते सहा तास सहज जातात. चाळीत घेतलेल्या मुलाखतीला त्याहून जास्त, कारण तिथे मुलाखत दोघांत राहतच नाही. दारातून शेजारी डोकावतो, नळ येतो, कुकरची शिट्टी होते, आणि काका संपाची गोष्ट सांगत असताना आतून काकूंचा आवाज येतो, 'तेव्हा नाही, त्याच्या आधीच आपण दागिने मोडले होते.' पीएचडीच्या विद्यार्थ्याचे कित्येक महिने या उतरवण्यात जातात. नोकरी सांभाळून संशोधन करणाऱ्यांचे तर हाल होतात. इथे यंत्राची मदत खरी आहे. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये व्हिस्पर हे बोलण्याचे लिखाण करणारे मॉडेल खुले केले. ते ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणावर तयार झालेले आहे, मराठीही उतरवते आणि स्वतःच्या लॅपटॉपवर इंटरनेटशिवाय चालवता येते. आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत या गटाने भारतीय भाषांसाठी मॉडेले बनवली आहेत. पुण्यातल्या एलथ्रीक्यूबने मराठी मजकुरासाठी काम केले आहे. केंद्र सरकारचा भाषिणी प्रकल्पही २०२२ पासून चालू आहे. कच्चा खर्डा म्हणून यांचा उपयोग करावा आणि तो खर्डा कानाला हेडफोन लावून, ओळ न् ओळ ऐकत दुरुस्त करावा.

ओळ न् ओळ, असे मी मुद्दाम म्हणतो. व्हिस्परवर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे आढळले की इंग्रजी ध्वनिमुद्रणाच्या सुमारे एक टक्का तुकड्यांत यंत्राने कोणीच न बोललेली आख्खी वाक्ये घुसवली होती. अशा बनावट मजकुरापैकी ३८ टक्के मजकूर अपायकारक होता : नसलेली हिंसा, नसलेली नाती, नसलेले अधिकारी. हे प्रमाण वाढले ते वाचाघात झालेल्या माणसांच्या बोलण्यात, म्हणजे जिथे बोलता बोलता लांब थांबे येत होते तिथे. यंत्राला शांतता सहन होत नाही, ती ते शब्दांनी भरते.

आमच्या क्षेत्रासाठी यापेक्षा गंभीर दोष दुसरा नाही, कारण गिरणगावातल्या मुलाखतीत थांबे हीच अनेकदा सर्वांत महत्त्वाची माहिती असते. ५ जून १९७० रोजी कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा लालबागेत खून झाला. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक हे शिवसेनेचे पहिले आमदार म्हणून निवडून आले. त्या घटनेच्या दोन्ही बाजूंची माणसे एकाच चाळीत, कधी एकाच कुटुंबात राहिली आहेत. त्या वर्षापाशी बोलणे आले की माणसे थांबतात, विषय बदलतात, चहा विचारतात. संपानंतर मुलगा कोणत्या वाटेला गेला हे सांगतानाही असाच थांबा येतो. त्या रिकाम्या जागा शब्दांकनात रिकाम्याच दिसायला हव्यात. किती सेकंदांच्या होत्या हेही नोंदवायला हवे.

जातीबद्दलचे मौन आणखी खोल आहे. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, पगार चांगला असे. पण अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या कामगारांना तिथे येऊ दिले जात नसे. कारण धोट्यातली कांडी बदलली की सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि एकाचा ओठ लागलेला धोटा दुसऱ्याच्या ओठाला लागे. परळच्या बीआयटी चाळीत अनेक वर्षे राहिलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९२८च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे पुढे आणला. आज एखाद्या निवृत्त विणकराला विचारले, 'काका, तुमच्या खात्यात कोण कोण होते?' तर तो गावांची नावे सांगतो. कोण नव्हते, ते सांगत नाही. मुलाखतीत जे आलेच नाही त्याचा कोड यंत्राने कुठून लावावा? ते ऐकू येण्यासाठी ऐकणाऱ्याला १९२८ माहीत असावे लागते, कोणत्या खात्यात कोणती माणसे होती हे माहीत असावे लागते, आणि समोरचा माणूस आपल्याला कोणत्या जातीचे समजून बोलतो आहे याचेही भान असावे लागते. संशोधकाचे आडनाव हा मुलाखतीचा भागच असतो. यंत्राला आडनाव नाही.

शब्दांचीही एक अडचण आहे, ती थोडक्यात सांगतो. गिरणगावातली बोली म्हणजे मालवणी, संगमेश्वरी, सातारी-कोल्हापुरी आणि गिरणीची परिभाषा यांची सरमिसळ. 'बदली' म्हणजे कायम नसलेला, रोज फाटकावर उभा राहून काम मिळते का ते पाहणारा कामगार. भाषांतराचे यंत्र त्याची नोकरीतली बदली झाली असे समजू शकते. असे झाले तर गिरणी उद्योगातल्या असुरक्षित रोजगाराचा सगळा इतिहासच त्या उताऱ्यातून नाहीसा होतो. म्हणून पहिल्या दहा मुलाखतींतून आपला स्वतःचा शब्दकोश तयार करावा आणि मूळ मराठी उतारा, बोलीसकट, प्रबंधात ठेवावा. प्रबंध इंग्रजीत असला तरीही.

चुकीच्या आठवणींबद्दलही बोलले पाहिजे. इटलीतल्या तेर्नी या पोलादाच्या गावात लुइजी त्रास्तुली नावाचा तरुण कामगार १७ मार्च १९४९ रोजी नाटोविरोधी निदर्शनांत पोलिसांच्या गोळीने मेला. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी पुढे तिथल्या कामगारांच्या मुलाखती घेतल्या तेव्हा अनेकांनी हा मृत्यू १९५३ मधला सांगितला, म्हणजे कारखान्यातून मोठी कपात झाली आणि रस्त्यावर संघर्ष झाला त्या वर्षातला. पोर्तेल्लींनी ती चूक दुरुस्त करून टाकली नाही. आपला माणूस आपल्या भाकरीच्या लढाईत गेला असे त्या गावाला का वाटावे लागले, याचा त्यांनी शोध घेतला. मौखिक इतिहासाच्या शास्त्रात हा अभ्यास आजही पायाभूत मानला जातो.

आपल्याकडे तर याहून गुंतागुंतीचे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, पण तो अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही. मग 'संप कधी संपला?' या प्रश्नाला एकाच चाळीत तीन उत्तरे मिळू शकतात. एकजण कामावर परत रुजू झाला तो दिवस सांगतो, दुसरा गिरणीला कायमचे टाळे लागले ते वर्ष, तिसरा १६ जानेवारी १९९७, ज्या दिवशी सामंतांचा खून झाला. तिन्ही उत्तरे खरी आहेत आणि तिन्हींतला फरक हाच प्रबंधाचा विषय आहे. सारांश करणारे यंत्र त्यांच्याऐवजी पुस्तकातले एक ठराविक साल ठेवते, काही वेळा न विचारता. मुलाखतीचा मजकूर 'स्वच्छ' करून द्या, अशी सूचना यंत्राला कधीही देऊ नये असे मी म्हणतो ते यासाठी.

आता वादाच्या मुख्य जागेकडे येतो : कोडिंग आणि विषयसूत्रे काढणे. ग्लेसर आणि स्ट्रॉस यांनी १९६७ मध्ये आधारभूत सिद्धांताची पद्धत मांडली, ब्राउन आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये विषयसूत्रांच्या विश्लेषणावरचा त्यांचा बहुचर्चित लेख लिहिला. संगणक या कामात नवा नाही; एनव्हिवो, ॲटलास डॉट टीआय, मॅक्सक्यूडीए ही सॉफ्टवेअर कित्येक वर्षे वापरात आहेत. पण ती संशोधकाने लावलेले कोड सांभाळून ठेवत, हवे तेव्हा काढून देत. वाचत नसत. २०२३ पासून त्यांच्यात जनरेटिव्ह एआय आले आणि आता ती स्वतःच कोड सुचवतात. याला उत्तर म्हणून २०२५ मध्ये जगभरच्या चारशेहून अधिक गुणात्मक संशोधकांनी, ब्राउन आणि क्लार्क यांच्यासह, एक जाहीर भूमिका घेतली की चिंतनशील गुणात्मक विश्लेषणासाठी जनरेटिव्ह एआयचा वापर आम्ही नाकारतो. अर्थ लावणे ही माणसाची कृती आहे, हा त्यांच्या म्हणण्यातला गाभा मला पूर्ण मान्य आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा एक काका सांगतात, 'गिरणी बंद झाली, मग आम्ही गावाला गेलो, लावणी केली, गणपतीनंतर परत आलो.' यंत्र याला 'उलट स्थलांतर' किंवा 'आर्थिक असुरक्षितता' असा कोड लावील. चूक नाही. पण गिरणीत काम नसताना गणपतीनंतर परत यायचे कशाला? तीस-चाळीस मुलाखती ऐकल्यावर हा प्रश्न आपोआप टोचू लागतो. मग लक्षात येते की खोली बराच काळ कुलूपबंद राहिली तर हक्क जाईल ही भीती होती, मुलाची शाळा होती, मंडळाची वर्गणी होती, संपात उधारीवर धान्य देणाऱ्या वाण्याचे देणे होते. कोकणातल्या भाताने मुंबईतला संप जगवला आणि मुंबईतल्या खोलीने कोकणातल्या कुटुंबाला शहरात पाय ठेवायला जागा दिली, हे नाते त्या एका 'परत आलो'मध्ये आहे. ते वेगवेगळ्या घरांतल्या वाक्यांतून जुळत जाते, आणि जुळवणाऱ्याला ती घरे आठवावी लागतात.

गेल्या काही वर्षांत जे मसुदे माझ्या वाचनात आले त्यांत एक गोष्ट वारंवार दिसते. विषय कोणताही असो, विषयसूत्रे तीच : विस्थापन, स्मृतिकातरता, अस्मिता, चिवटपणा. गिरणगावावर इंटरनेटवर इंग्रजीत जे लिहिले गेले आहे ते बहुतेक संपाचा पराभव, मॉल आणि टॉवर, आणि हरवलेला भोंगा एवढ्यात फिरते. यंत्र त्याच मजकुरावर वाढले आहे, म्हणून तुमची मुलाखत उघडण्याआधीच त्याच्याकडे उत्तर तयार असते. विद्यार्थ्यांना मी एक साधी कसोटी सुचवतो. आपल्या विषयसूत्राच्या परिच्छेदात लालबागच्या जागी अहमदाबाद किंवा मँचेस्टर घालून वाचा. काहीच बिघडले नाही, तर ते सूत्र तुमच्या मुलाखतींतून आलेले नाही, आणि पुन्हा ऐकायला बसावे.

तरीही चारशे जणांच्या त्या भूमिकेपलीकडे माझे एक म्हणणे आहे. स्वतःचे विश्लेषण पूर्ण झाल्यानंतर यंत्राचा विरोधी वाचक म्हणून उपयोग करता येतो. 'माझा निष्कर्ष असा आहे. याच्या विरुद्ध जाणारे उतारे या शब्दांकनांत शोध', असे त्याला सांगावे. ते दाखवील त्यातले काही उतारे गैरलागू असतील, काही तर मजकुरात नसतीलही. प्रत्येक उतारा मूळ ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहावा. पण दोन-चार जागा अशा निघू शकतात, जिथे आपण आपल्याला हवे तेच ऐकले होते. पन्नास मुलाखतींत 'खानावळ' कुठे कुठे आली हे शोधायलाही यंत्र चांगले. खानावळवाल्या बायकांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. पुरुषांच्या मुलाखतींत या बायका ओझरत्या येतात आणि हाताने शोधताना निसटतात. अशा शोधाने एक नवे प्रकरण सुरू होऊ शकते.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक मोकळीक आहे, आणि ती त्यांनी निःसंकोच घ्यावी. गिरणी कामगाराच्या घरातून आलेली, घरात पहिलीच पीएचडीपर्यंत पोहोचलेली मुलगी गिरणगावाबद्दल जे जाणते ते दुसऱ्या कोणाला सहज मिळणारे नाही. इंग्रजी वाक्यरचनेच्या धास्तीने तिचे काम आजवर अडत आले. तिने स्वतः विचार करून, स्वतः मांडलेल्या मजकुराची इंग्रजी यंत्राकडून तपासून घेतली तर त्यात गैर काहीच नाही. उलट शिक्षित घरांत काका-मामांकडून जी मदत मिळत आली ती आता तिलाही मिळते आहे. फक्त दुरुस्त मजकूर मोठ्याने वाचून पाहावा : आपण जे म्हणत होतो तेच उरले आहे ना? यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून अनेकजण तो आकडा खाली आला की निर्धास्त होतात. यंत्राने लिहिलेला मजकूर त्या चाळणीतून बिनबोभाट पार होऊ शकतो. तुमचा विचार तुमचा आहे का, हे व्हायवाला विचारले जाईल आणि त्याआधी गाइडने विचारायला हवे. यंत्राने दिलेला प्रत्येक संदर्भही प्रत्यक्ष पाहावा. दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून उभे आहे, एशियाटिक सोसायटी त्याहून जुनी. पुस्तक कपाटात सापडले नाही तर ते मुळात अस्तित्वात आहे का, ही शंका आता घ्यावीच लागते.

आता ज्यांच्या घरात आपण बसतो त्यांच्याविषयी. नाव बदलले की माणूस ओळखू येत नाही, हा समज गिरणगावात चालत नाही. गाव, गिरणी, खाते आणि चाळ एवढ्या चार गोष्टी सांगितल्या की लालबागमधला कोणीही त्या माणसाचे नाव सांगेल. ही मुलाखत ऑनलाइन यंत्रात टाकली की ती दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाते, आणि अनेक सेवांमध्ये ती पुढच्या मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरली जाऊ शकते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संशोधनासाठी काही सूट आहे. पण कायद्याच्या सुटीने त्या माणसाचे नुकसान भरून येत नाही. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली. त्यानंतरही असंख्य कुटुंबे घराची वाट पाहत आहेत. खोली कोणाच्या नावावर, पागडी कोणी दिली, भाऊ केव्हा वेगळा झाला, वारस कोण, हे सगळे तुमच्या मुलाखतीत येते आणि यातले एखादे वाक्य त्या कुटुंबाच्या दाव्याला बाधक ठरू शकते.

म्हणून संमती इंग्रजी फॉर्मवर सही घेऊन होत नाही. काय करणार ते त्यांच्याच भाषेत सांगावे लागते : 'मावशी, तुमचा आवाज मी माझ्या कॉम्प्युटरवर लिहून काढणार आहे. तो बाहेर कुठल्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर पाठवणार नाही. पाठवायची वेळ आलीच तर आधी तुम्हाला विचारीन, आणि तुम्ही नको म्हणालात तर नाही पाठवणार.' हे वाक्य बोलायचे तर ते पाळता आले पाहिजे. माझा सल्ला असा की मुलाखतीचा कच्चा मजकूर ऑनलाइन यंत्राला देऊच नये. स्वतःच्या लॅपटॉपवर चालणारी मॉडेले वापरावीत. आडारकर-मेनन यांच्या पुस्तकासाठी बोललेल्यांनी पुस्तकासाठी संमती दिली होती, यंत्रासाठी नव्हे. जुन्या मुलाखती अपलोड करताना हे विसरता कामा नये.

नोंदी ठेवण्याबद्दल एवढेच : कोणते मॉडेल, कोणत्या तारखेला, कोणत्या कामासाठी, काय सूचना देऊन वापरले, त्याने काय दिले आणि त्यातले आपण काय ठेवले, याची वही ठेवावी आणि पद्धतीच्या प्रकरणात ते स्पष्ट सांगावे. मॉडेले बदलत राहतात. आजचे उत्तर सहा महिन्यांनी मिळत नाही. वही नसेल तर परीक्षकाला आणि तुम्हालाही ते काम पुन्हा तपासता येणार नाही.

शेवटी विद्यार्थ्यांना एक विनंती. या यंत्रामुळे वेळ वाचतो हे खरे आहे. पण गिरणगावाच्या अभ्यासात वेळेची टंचाई विश्लेषणाच्या टेबलावर नाही. १९८२ मध्ये तीस वर्षांचा असलेला विणकर आज सत्तरी ओलांडून गेला आहे, आणि त्याच्याहून वडील कामगार तर फार थोडे उरले आहेत. वायंडिंग खात्यात काम केलेल्या बायकांपैकी अनेकजणी गावाला परत गेल्या आहेत. त्यांना शोधायला रत्नागिरी, सिंधुदुर्ग, साताऱ्याला जावे लागेल. चाळी पडत आहेत, शेजार विखुरतो आहे. यंत्राने शब्दांकनाचे जे दोन महिने वाचवले ते लेखनावर खर्च करू नका. काळाचौकी, चिंचपोकळी, करी रोड, नायगावच्या जिन्यांवर जा आणि आणखी दहा मुलाखती घ्या. विश्लेषण पुढच्या वर्षीही करता येईल.